लाकडी फळ्यांचा डबा कोणत्या युद्धातला?

प्रश्न: मुलाकडे पिट्सबर्गला गेलो होतो, तिथे जुन्या बाजारात अमेरिकन मालगाडीच्या उघड्या गोंडोला डब्याचा फोटो मिळाला. सांगाडा पोलादी, बाजू लाकडी फळ्यांच्या. काळ कसा ओळखावा?

उत्तर: फोटो जपून ठेवा, मोलाचा आहे! फक्त फळ्यांवरून ठरवू नका. असे डबे दोन्ही महायुद्धांत बांधले गेले. मी आधी भिंगातून डब्याचं पोट बघतो. ब्रेकचा सिलिंडर आणि हवेची टाकी एकमेकांना चिकटून असतील, तर ती ब्रेकची जुनी ‘के’ पद्धत. सिलिंडर, टाकी, व्हॉल्व्ह तिन्ही सुटे असतील तर ‘एबी’, म्हणजे १९३३ नंतरची. मात्र जुन्या डब्यांनाही पुढे ‘एबी’ बसवले. म्हणून तळ बघाच: खाली उघडणारी दारं असतील, तर १९१८ च्या, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या यूएसआरए (तेव्हा अमेरिकन रेल्वे चालवणारी सरकारी संस्था) नमुन्याची शक्यता मोठी.