चार लाख आत्ता नकोत, आधी एक छोटा गेम

बार्शीहून एका वडिलांनी लिहिलं आहे : ‘मुलगा बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून गेमचं वेड. आता म्हणतो, इंजिनिअरिंग नको, गेम बनवायची कंपनी काढतो, चार लाख द्या. माझं कापडाचं दुकान आहे, यातलं मला काही कळत नाही. शिवाय सरकारने गेमवर बंदी घातली ना?’

नमस्कार,

बंदीची शंका आधी मिटवतो. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. गेम तयार करून विकायला त्याची आडकाठी नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. खेळायची आवड असलेली मुलं ढिगाने भेटतात, खेळ घडवायची आवड असलेली फार थोडी. तुमचा मुलगा हरल्यावर नुसता पुन्हा खेळायला बसतो, की ‘हा टप्पा इथे एवढा अवघड का ठेवला असेल’ यावर मित्रांशी वाद घालतो, वहीत नकाशे काढतो? दुसरं असेल तर त्याचं म्हणणं मनावर घ्या.

जपानमध्ये सातोशी ताजिरीला शाळकरी वयात असंच वेड होतं. १९८३ साली त्याने खेळ जिंकायच्या खुब्या हाताने लिहून, पानांना स्टेपल मारून ‘गेम फ्रीक’ नावाचं छोटं मासिक विकायला सुरुवात केली. त्याच नावाची कंपनी निघाली १९८९मध्ये आणि तिचा पोकेमॉन हा गेम आला १९९६मध्ये. म्हणजे कंपनी निघण्याआधीच खेळणाऱ्यांना काय हवं असतं हे तो वर्षानुवर्षं पाहत होता. आपल्या पुण्यातलं उदाहरण हवं, तर नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने ‘राजी’ नावाचा गेम केला. २०१७मध्ये त्यासाठी इंटरनेटवर लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न फसला, गेम बाजारात आला २०२०मध्ये. एवढा धीर या धंद्यात लागतो.

आणि हो, हा धंदाच आहे, त्यामुळे ‘मला काही कळत नाही’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. मुलाला शेजारी बसवून हिशेब मांडा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात एक गेम ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीम ठेवतं. २०० रुपयांचा गेम विकला, तर कर धरायच्या आधीच हातात १४०. त्यात किती महिन्यांची मेहनत, किती जणांचे पगार बसतील? दिवाळीचा माल कधी भरायचा, पडून राहिला तर काय करायचं, हे तुम्ही आयुष्यभर करत आलात. हे शिक्षण त्याला कुठलाच कोर्स देणार नाही. सुट्टीत त्याला गल्ल्यावर बसवा.

चार लाख मात्र देऊ नका. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आणि चित्रांसाठी ब्लेंडर, दोन्ही फुकट आहेत आणि छोट्या गेमला महागडा कॉम्प्युटर लागत नाही. परीक्षा झाली की त्याने पाच मिनिटांत संपणारा एकच गेम पुरा करावा. ‘पुरा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण अर्धवट गेम सगळ्यांकडेच असतात. तो मोबाइलवर लोकांपर्यंत न्यायचा, तर गूगल प्लेवर खातं काढायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, शुल्क एकदाच २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बारा जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ही अट मला फार आवडते. नातेवाइकांना सोडून बारा माणसं जमवायला सांगा. ती कुठे अडतात, कुठे कंटाळतात, हे त्याने गप्प बसून पाहावं.

शिक्षण सोडायचं नाही, हे मात्र ठाम सांगा. कोडिंगकडे ओढा असेल तर सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, चित्रकला आणि कल्पनेकडे असेल तर यूसीड परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी डिझाइनची पदवी. नंतर दोन-तीन वर्षं एखाद्या स्टुडिओत नोकरी केली, तर कंपनीतले साथीदारही तिथेच भेटतील. भांडवल तेव्हा मागितलं आणि सोबत विकलेल्या एका गेमचा जमाखर्च दाखवला, तर जरूर द्या.