वर्णभेद शिकवला तर गावात वाद होते, मग शिकवू की नको?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. अमेरिकेत काळ्या लेकरांच्या शाळा वेगळ्या असायच्या हे सांगत होतो तर एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, आपल्या गावात बी असंच हाये का?" मी काही बोलायच्या आतच मागून कोणीतरी पारधी बेड्यावरून (पारध्यांच्या वस्तीवरून) येणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं अन् सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी दोन पालक आले, म्हणे शाळेत जातीपातीचं काढू नका, आमच्या लेकरांना उगाच अपराधी वाटते. हेडसर म्हणतात पुस्तकापुरतं शिकवा. तो पोरगा तेव्हापासून शाळेत आलाच नाही. काय करू?
– एक शिक्षक

उत्तर : सर, शिकवाच. पण आधी त्या लेकराचं बघा, धडा आठ दिवस थांबला तरी चालते.

बेड्यावर तुम्ही स्वतः जा, दुसऱ्या पोरांच्या हाती निरोप नका पाठवू. "पोरगा का येत नाही" असा जाब विचारल्यासारखं करू नका, वर्गात जे झालं ते चुकीचं होतं आणि मी वर्गाशी बोलणार आहे एवढं त्याच्या आईबापाला त्याच्यासमोर सांगा. तो परत आला की त्याला उभं करून "तुमच्या समाजाबद्दल सांग" असं अजिबात म्हणू नका, तो तिथं गणित शिकायला येते, समाजाचा नमुना म्हणून नाही.

मग वर्गाला ते का हसले त्याचा इतिहास सांगा. गावात काहीही चोरीला गेलं की नजर पहिले बेड्याकडे जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत, पण का जाते हे कोणी शिकवत नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, 1911 मध्ये तो अजून वाढवला, आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, म्हणजे काही न करता पोलिसात नोंद, हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. कागदावरून गेला, पण नजरेतून गेला नाही, आणि तुमच्या वर्गातलं ते बोट तिथूनच आलं.

हे झाल्यावर अमेरिका सांगा, आता पोरांना जास्त समजेल. 1954 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सरकारी शाळांत गोरे-काळे वेगळे बसवणं घटनाबाह्य ठरवलं, तरी 1960 मध्ये न्यू ऑर्लिन्सला रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली तर सोबत केंद्र सरकारचे मार्शल लागले, बाहेर मोठी माणसं तिच्यावर ओरडत होती, गोऱ्या आईबापांनी आपली लेकरं शाळेतून काढून नेली आणि बार्बरा हेन्री नावाच्या बाईंनी वर्षभर त्या एकटीला वर्गात शिकवलं. सातवीच्या पोरांना हे सांगून नुसतं विचारा, तुम्ही त्या शाळेत असते तर कुठं बसले असते? मग गप्प राहा, त्यांना बोलू द्या. आणि जोतिरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती हेही सांगा, म्हणजे हे दोन विषय जोडणारे तुम्ही पहिले नाही.

आता पालक. अमेरिकेतही हेच सुरू आहे, टेक्सासमध्ये 2021 ला वंशभेद वर्गात कसा शिकवायचा यावर बंधनं घालणारा कायदा झाला आणि तिथंही तक्रार हीच, की आमच्या लेकरांना अपराधी वाटते. ही भीती मला पूर्ण खोटी वाटत नाही. "तुम्ही लोकांनी असं केलं" असं म्हटलं तर कोणतंही लेकरू आकसते. पण कायदा कोणी केला, कशासाठी केला, फायदा कोणाला झाला, विरोध कोणी केला असं शिकवलं तर बारा वर्षांचं पोरगं न्यायाचं बोलायला लागते, या वयात त्यांना ते फार लवकर कळते. पालकांना चहा पाजा आणि शांतपणे सांगा की भेदभावाला मनाई करणारं कलम 15 अन् अस्पृश्यता बंद करणारं कलम 17 संविधानातच आहेत, हा माझा घरचा विषय नाही. आणि शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यात वंचित घटकातल्या लेकराशी शाळेत भेदभाव होऊ नये ही जबाबदारी सरळ लिहिलेली आहे. हेडसरांनाही हेच दाखवा.

अजून एक, आणि हे मला धड्यापेक्षा महत्त्वाचं वाटते. आठवडाभर खिचडीच्या वेळी पंगत कशी बसते ते बघा, पाण्याच्या टाकीवर कोण कोणाला आधी सरकवते, झाडू नेहमी कोणाच्या हातात येतो, आणि स्टाफमधलं कोणी लेकरांना नावाऐवजी जातीनं हाक मारते का. असं दिसलं तर पहिले ते बंद करा, कारण पोरं तेच शिकतात, तुम्ही फळ्यावर काहीही लिहा.

शाळा व्यवस्थापन समितीची यादीही काढून बघा. त्यात वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते. बेड्यावरचं कोणी नसेल तर पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, आणि त्या पोराच्या आईला किंवा बापाला बैठकीचं बोलावणं तुम्ही स्वतः जाऊन द्या.