एकच प्रार्थना वर्षानुवर्षं करत राहणं म्हणजे विश्वास कमी असणं का?

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तुम्ही कित्येक वर्षं प्रार्थना करताय आणि काही फरक दिसत नाही, एवढंच लिहिलं असतं तर मी वाचून पुढे गेले असते. माझ्यापेक्षा जाणती माणसं इथे आहेत. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुणीतरी सांगितलं, एकदा मागून झालं की देवावर सोडायचं, तेच तेच मागणं हा अविश्वास आहे. हे वाक्य आमच्या घरात माझ्या आईला ऐकवलं गेलंय, आणि ऐकवणारा तिचा स्वतःचा जावई होता. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

बाबा अनुदानित शाळेत मास्तर होते. मी बारावीला असताना गेले. आम्ही नागपुरात सदर भागात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, ताईचं लग्न नुकतंच झालेलं, घरात कमावणारं कुणी नाही. कुटुंब निवृत्तिवेतन पाच-सहा महिन्यांत सुरू होऊन जाईल असं शाळेतले बाबू म्हणाले. पण बाबांनी त्याआधी दुसऱ्या एका संस्थेच्या शाळेत नोकरी केली होती आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये काही महिने रिकामे गेले होते. सेवापुस्तकात जुन्या शाळेच्या वर्षांची पडताळणीच झालेली नव्हती. सेवाखंड क्षमापित करण्याचा, म्हणजे मधला रिकामा काळ माफ करण्याचा, प्रस्ताव गेला, त्रुटी लागून परत आला. त्रुटी दूर केली, तर दुसरी त्रुटी निघाली. मग साहेब बदलले आणि नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून पाहायचं होतं. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

आई बुधवारी उपवास-प्रार्थना करायची आणि गुरुवारी त्या कार्यालयात जायची. गुरुवारी साहेब टेबलावर सापडतात हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. पिशवीत कागदांची फाईल, पाण्याची बाटली, नवा करार. मे महिन्यातही, डोक्यावरून पदर घेऊन, सदरहून पायी. सुट्टी असली की मीही सोबत जायचे. चपराशी म्हणायचा, "आल्या का बाई, बसा. साहेब मीटिंगमध्ये आहेत." बाबू वैतागायचे. "तुम्ही काहून त्रास घेता? फाईल चालू आहे, काही झालं तर कळवतो ना आम्ही." आई म्हणायची, "कळवाल हो भाऊ, मला ठाऊक आहे. पण मी बसते." आणि भिंतीजवळच्या बाकावर बसायची.

जिजाजी तेव्हा एका नव्या फेलोशिपमध्ये जायला लागले होते. हॉलमध्ये भरणारी, गिटार-ड्रम असलेली, माणसं प्रेमळ, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका नाताळला जेवताना त्यांनी आईला समजावलं. "आई, तुम्ही देवाला रोज आठवण करून देता. म्हणजे तो विसरला असं वाटतं का तुम्हाला? मार्क 11:24 वाचा. मिळालंच आहे असा विश्वास धरा, आभार माना आणि विषय सोडा." वर हेही, की ऑफिसच्या चकरा मारणं म्हणजे देवापेक्षा माणसांवर भरवसा ठेवणं. ताई खाली मान घालून बसली. आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "लूकमधली विधवा घरी बसून मनातल्या मनात न्यायाधीशाशी बोलत नव्हती, जावईबापू. चालत जात होती."

जिजाजींना ते उलट उत्तर वाटलं. मला आजही वाटतं की या विषयावर त्याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

लूकचा अठरावा अध्याय तुम्ही वाचलेलाच असणार. मला फक्त त्याच्या दोन टोकांकडे लक्ष वेधायचंय. सुरुवातीलाच सांगितलंय की दाखला कशासाठी आहे: सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये यासाठी. आणि शेवट कसा होतो? मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, या प्रश्नाने. देवाला ना भिणाऱ्या, माणसाला ना जुमानणाऱ्या न्यायाधीशाचं दार पुन्हा पुन्हा ठोठावणाऱ्या बाईची गोष्ट सांगून झाल्यावर प्रभू विश्वासाचा विषय काढतो. म्हणजे विश्वास कसा दिसतो ते त्याने आत्ताच दाखवलेलं असतं. आत कुणी आहे याची खात्री नसलेला माणूस दोनदा दार वाजवून निघून जातो.

जिजाजींचं दुसरं आवडतं वचन मत्तय 6:7, परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. कबूल. पण दोनच ओळी खाली प्रभू जी प्रार्थना शिकवतो तिच्यात आजची भाकर मागितली आहे. आजची मागितली म्हणजे उद्याची उद्या मागावी लागणार, आणि परवाची परवा. आणि पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत? मत्तय 26:44 काढून बघा. प्रभू तिसऱ्यांदा गेला आणि त्याच शब्दांनी प्रार्थना केली. त्याचाही विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत असेल तर माझ्यासमोर म्हणावं.

आईच्या फाईलचं शेवटी काय झालं ते सांगते. बाबांच्या जुन्या शाळेतले एक बाबू तोवर निवृत्त झाले होते आणि स्वतःच्या पेन्शनसाठी त्याच कार्यालयात यायचे. त्याच बाकावर बसायचे. दर खेपेला ही बाई तिथे. एके दिवशी त्यांनी विचारलं, कुणाची केस आहे? नाव ऐकलं तेव्हा उठूनच उभे राहिले. त्या वर्षांची वेतनदेयकं शाळेच्या गोदामात बांधून ठेवलेली आहेत हे फक्त त्यांना माहीत होतं. स्वतः जाऊन त्यांनी धुळीतून ती बाडं काढली, मुख्याध्यापकांकडून साक्षांकित करून घेतली. पडताळणी झाली, खंड क्षमापित झाला, निवृत्तिवेतन मंजूर झालं, थकबाकीही आली. तोवर माझं लग्न होऊन गेलं होतं.

आई याला प्रार्थनेचं उत्तर म्हणते. मीही म्हणते. पण एवढं नक्की, की आई घरी बसून आभार मानत राहिली असती तर ते बाबू त्या बाकावर एकटेच बसून घरी गेले असते.

आणि गंमत पुढेच आहे. जिजाजींनी त्यांच्या फेलोशिपमध्ये उभं राहून साक्ष दिली. आम्ही मागणं थांबवलं, विश्वासाने आभार मानायला लागलो आणि प्रभूने अडकलेलं पेन्शन मोकळं केलं! लोकांनी हालेलुया म्हटलं. आईला हे शेजारणीकडून कळलं. मी संतापले, ताईला फोन करायला निघाले. आई म्हणाली, "देऊ दे ना साक्ष त्यांना. थकबाकी तर माझ्याच खात्यात आली."

तिने सोडलं, मी सोडलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

"देवाची तीनच उत्तरं असतात: हो, नाही आणि थांब" हे तुम्हाला कुणी ऐकवलंय का? ऐकवलं असणारच. मला हे वाक्य मुळीच आवडत नाही. काहीही झालं तरी ते खरंच ठरतं, म्हणून ते कधी काही सांगतच नाही. शिवाय ते म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं काही अडलेलं नसतं. स्तोत्रकर्त्याला कुणी असं गप्प केलेलं दिसत नाही. तेरावं स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" असंच सुरू होतं, आणि पहिल्या दोनच ओव्यांत हा प्रश्न चार वेळा येतो. पवित्र शास्त्रात तक्रार चालते आणि आमच्या प्रार्थनासभेत चालत नाही, हे मला कधी कळलेलं नाही. मूल व्हावं म्हणून हन्नाही मंदिरात पुटपुटत रडत होती तर एली याजकाला वाटलं बाई पिऊन आली आहे. याजकाचंच चुकलं होतं तिथे.

उशिराबद्दल आमच्या गावची एक गोष्ट सांगते, कारण नागपूरच्या लोकांनाही ती आता फारशी माहीत नसते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना इथेच झाली, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, 29 नोव्हेंबर 1970 ला. ताईला कडेवर घेऊन आई त्या गर्दीत होती. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशा सहा मंडळ्या एक झाल्या. त्याची बोलणी 1929 पासून चालू होती. 41 वर्षं! बाळांचा बाप्तिस्मा करायचा की मोठेपणी कबुलीनंतरच, बिशप असावा की नसावा, एकमेकांच्या पाळकांची दीक्षा मान्य करायची कशी, यावर मसुद्यांमागून मसुदे झाले. ज्यांनी सुरुवातीला गुडघे टेकले त्यातले कितीतरी तो दिवस बघायला उरले नाहीत. आणि एवढं करून सदर्न एशियाची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर मागे फिरली. म्हणजे उत्तर आलं तेही अपुरं.

मुळात "त्या सर्वांनी एक व्हावे" ही योहान 17 मधली खुद्द प्रभूची प्रार्थना आहे. पकडला जाण्याच्या रात्री केलेली. ती अजून पूर्ण व्हायची आहे. नागपुरात आज किती मंडळ्या आहेत ते मोजायला बसा; जिजाजींची ती फेलोशिपही पुढे दोन झाली. प्रभूच्याच प्रार्थनेला दोन हजार वर्षं होत आली तरी उत्तर बाकी असेल, तर तुमची काही वर्षं म्हणजे तुमच्या विश्वासातली त्रुटी, हे कुठल्या हिशेबाने ठरवलं? उशिरावरून विश्वास मोजणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय.

तुमचा दुसरा प्रश्न होता, किती दिवस. मला सांगता येणार नाही. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासाबद्दल, तीनदा विनंती केली आणि थांबला, कारण त्याला समोरून स्पष्ट सांगितलं गेलं होतं: माझी कृपा तुला पुरे. तुम्हाला तसं काही स्पष्ट झालं असेल तर थांबा. मंडळीतल्या कुणाला वाटतं म्हणून थांबू नका.

हे आता लिहितेय पण खरं तर आधी लिहायला हवं होतं. आईचं प्रकरण आणि तुमचं सारखं नाही. फाईलला स्वतःचं मन नसतं, नवऱ्याला असतं. तुम्ही कितीही चिकाटीने मागितलंत तरी सोडायची त्यालाच आहे, आणि देव कुणाचा हात धरून ग्लास खाली ठेवायला लावताना मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा माझ्या आईचं झालं म्हणजे तुमचंही होईलच, असा अर्थ काढू नका.

आणि चालणं विसरू नका. मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिथे त्याला घेऊन जा. तो येत नसेल तर आधी तुम्ही जाऊन बोला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका नागपुरात होतात, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन असतं. एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. खोलीत ठेवून उपवास करवून दारू सोडवतो असं सांगणारा कुणी भेटला, मग तो कितीही अभिषिक्त असो, तर आधी डॉक्टर.

संत मोनिकाचं उदाहरण तुम्हाला दिलं गेलं असेल, मुलगा संत ऑगस्टीन ख्रिस्ती व्हावा म्हणून ती किती वर्षं रडली ते. तिच्या नवऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पॅट्रिशियस तापट होता, बाहेरख्याली होता, आणि मरणाच्या थोडंच आधी ख्रिस्ती झाला. तोवर तिने सोसलं, आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या इतर बायकांनाही ती तोंड सांभाळायला सांगायची, असं मुलानेच कौतुकाने लिहून ठेवलंय. चौथ्या शतकातली बाई, मी तिला दोष देत नाही. पण आज कुणी ते तुम्हाला आदर्श म्हणून सांगत असेल तर ऐकू नका. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते, तो हात उचलतो का? उचलत असेल तर 112 आहे, महिलांसाठी 181 आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. माहेरी राहूनही नवऱ्यासाठी प्रार्थना करता येते. एका छताखाली राहूनच ती ऐकली जाते असं शास्त्रात कुठेही नाही.

जिजाजी इथे अधूनमधून वाचत असतात. वाचोत. मागच्याच महिन्यात त्यांनी घरच्या ग्रुपवर नातीच्या व्हिसासाठी पुन्हा एकदा प्रार्थनेची विनंती टाकली होती, हेही मग सांगून टाकते. आईने लगेच "करते" असं उत्तर दिलं आणि ती करतेही आहे.

तिचे गुडघे आता चालत नाहीत, खुर्चीत बसून करते. वही आहे तिची, रोज पहाटे वाचायची. तुम्हाला चालणार असेल तर नवऱ्याचं नाव मला मेसेजमध्ये कळवा, पहिलं पुरे, आडनाव नको. "नागपूरच्या एका बाईचा नवरा" असं तिला वहीत लिहिता येत नाही, मी मघाशी विचारून पाहिलं.