वाघ्याला म्युनिकला न्यायचंय तर तिकिटाच्या आधी चिपची तारीख धरा

ताई, तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहिते: मिस्टरांना १ जूनला म्युनिकला जॉइन व्हायचंय, देवगडचं घर आवरून तुम्ही तिघं निघणार, वाघ्या सहा वर्षांचा गावठी, वजन २० किलो, दरवर्षी रेबीजचं इंजेक्शन होतं पण चिप (कातडीखाली बसवतात ती नंबरवाली मायक्रोचिप) नाही, एजंट म्हणतोय ४५ दिवसांत सगळं करून देतो, आणि सासूबाई म्हणतायत कुत्रं इथंच राहू दे राखणीला. आज १२ मार्च.

आधी स्पष्ट सांगते, ४५ दिवसांत हे होत नाही. कोणीही करून देऊ शकत नाही. भारत युरोपियन युनियनच्या सूट असलेल्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या कुत्र्याला चिप, मग रेबीजची लस, मग कमीत कमी ३० दिवस थांबून रक्ताची टायटर टेस्ट (लसीने रेबीजविरुद्ध प्रतिकारशक्ती किती आली ते मोजणारी), आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने पूर्ण झाल्यावरच प्रवेश. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नव्हे, रक्त घेतल्याच्या. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी चार महिने धराच.

आता तुमचा हिशोब मांडू. १४ मार्चला चिप आणि लस झाली असं समजा. ३० दिवस म्हणजे १३ एप्रिल, १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून १५ एप्रिलला रक्त. तिथून तीन महिने म्हणजे १५ जुलै. मी दोन-चार दिवस हात राखून २० जुलैनंतरचं तिकीट बघेन. मिस्टर १ जूनला पुढे जाऊ देत, तुम्ही आणि मुलगी वाघ्याला घेऊन जुलैअखेर जा. बायर्नमधल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे मुलीचं काही बुडत नाही.

आणि इथेच एक गोष्ट जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. वाघ्याची सगळी कागदपत्रं तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नाही. नियम असा आहे की मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, दुसऱ्या कोणाबरोबर पाठवला तरी मालकाने लेखी अधिकार देऊन त्याच पाच दिवसांत. मालक जूनमध्ये गेला आणि कुत्रा जुलैत आला तर ते घरगुती प्रवासात बसत नाही, व्यापारी आयातीचे नियम लागतात आणि ते फार किचकट आहेत.

चिपचं मी एवढं का धरून बसलेय ते सांगते. आमचा खंड्या गुहागरचा, खाडीकाठी सापडलेला, १७ किलोचा. चिप आमच्याकडे मिळेना म्हणून डॉक्टर म्हणाले लस आज देऊन टाकू, चिप पुढच्या आठवड्यात मागवतो. आम्ही हो म्हटलं. चिप लसीनंतर आठ दिवसांनी बसली. पुढे रक्त दिलं, पैसे भरले, रिपोर्टही चांगला आला, आणि पेपर तपासताना कळलं की चिपच्या आधीची लस धरतच नाहीत, कारण ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करायला नंबरच नाही. सगळं पहिल्यापासून. नवरा एकटा गेला, मी आणि खंड्या साडेचार महिने गुहागरला. त्या दिवसांत मला रात्री झोप लागायची नाही, आपल्या एका होकारामुळे सगळं घर दोन देशांत वाटलं गेलं असं वाटायचं. म्हणून हात जोडून सांगते, चिप आधी, लस नंतर. एकाच दिवशी चालतं, पण लसीच्या पुस्तकात चिपची तारीख लिहून घ्या, चिपच्या १५ आकडी नंबरचा स्टिकर चिकटवून घ्या आणि डॉक्टरांना लस देण्याआधी स्कॅनरने नंबर वाचायला सांगा. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ वालीच हवी, पाकिटावर लिहिलेलं असतं. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात बहुतेक नसते, कणकवली, कोल्हापूर, पणजी जिथे मिळेल तिथे फोन करून, चिप आणि स्कॅनर दोन्ही आहेत याची खात्री करूनच गाडी काढा.

जुन्या लशी कागदावर धरणार नाहीत पण वाया गेल्या असं नका समजू. दरवर्षी लस झालेल्या कुत्र्याच्या अंगात प्रतिकारशक्ती असते, नव्या डोसनंतर ती चांगली वर येते, त्यामुळे टायटर कमी यायची भीती वाघ्याला तशी कमी. ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त आलं की पास. रक्त मात्र कुठेही देऊ नका. त्यातलं सीरम मशीनवर फिरवून वेगळं करायला लागतं, थंड ठेवायला लागतं, आणि युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबलाच जायला लागतं. एप्रिलच्या उकाड्यात देवगडहून नुसती बाटली कुरिअरला देणं म्हणजे नमुना खराब करून घेणं. मी खंड्याला घेऊन मुंबईला गेले, नमुने पाठवायची सवय असलेल्या क्लिनिकमध्ये रक्त दिलं. फॉर्मवर चिप नंबर स्वतः एकेक आकडा वाचून बघा, एक आकडा चुकला तरी तो रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. आणि लसीची मुदत मध्ये संपू देऊ नका, एक दिवस जरी खंड पडला तरी टायटर परत.

शेवटचे १० दिवस धावपळीचे. युरोपचं हेल्थ सर्टिफिकेट पोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलं हवं, आणि ते सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचं, म्हणजे आपल्यासाठी मुंबईचं अ‍ॅनिमल क्वारंटाइन ऑफिस. तिथे वाघ्याला प्रत्यक्ष न्यायला लागतं, अंगावर गोचीड दिसता कामा नये, आणि जुलैत आपल्याकडे गोचिडी किती ते तुम्हाला सांगायला नको. जूनपासूनच गोचिडीचं औषध वेळेवर द्या, रोज रात्री कानात आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघा. गोचीडताप आला तर हेल्थ सर्टिफिकेट मिळणार नाही आणि पोराचे हाल होतील ते वेगळेच.

आणि पाऊस! जुलैत हायवेवर कुठे दरड येईल सांगता येत नाही, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल असतं आणि तरी गाड्या रखडतात. फ्लाइटच्या आदल्या दिवशी देवगड सोडायचं असला विचारही करू नका. पाच-सहा दिवस आधी मुंबईत पोचा, ठाणे-डोंबिवलीला कोणी नातेवाईक असतील तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा की कुत्रा चालेल का. मध्येच काही दुखलंखुपलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे.

केबिनमध्ये बऱ्याच युरोपीय एअरलाइन पिशवी धरून ८ किलोपर्यंतच घेतात, वाघ्या खालीच जाणार. घाबरू नका, प्राण्यांची जागा प्रेशर आणि तापमान सांभाळलेली असते. थेट फ्लाइट घ्या, मुंबईहून म्युनिक किंवा फ्रँकफर्ट. दोन-तीन हजार वाचतात म्हणून मध्ये उतरून विमान बदलणारं नको, कारण सगळ्यात जास्त त्रास चढवता-उतरवताना होतो. कुत्र्याची जागा आधी कन्फर्म करा, मग तुमची तिकिटं. झोपेचं औषध अजिबात नको, कोणी कितीही सांगितलं तरी. वर गेल्यावर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो आणि गुंगीतला प्राणी दिसला तर एअरलाइन नाकारते.

औषधाच्या जागी सवय. पिंजरा आत्ताच, मार्चमध्येच घ्या. आमचा पडवीत ठेवला होता, दार काढून. पहिले चार दिवस खंड्या लांबून वास घ्यायचा आणि आंब्याखाली जाऊन बसायचा. मग मी आत सुकटीची चिमूट टाकायला लागले. आधी मान आत, मग पुढचे दोन पाय, आणि एक दिवस धो धो पाऊस पडत असताना बघते तर हा पूर्ण आत, आजीच्या जुन्या लुगड्याची घडी होती तिच्यात नाक खुपसून झोपलेला. ते लुगडं मी धुतलं नाही. तसंच, चुलीच्या धुराच्या वासाचं, विमानात त्याच्याबरोबर गेलं. पिंजऱ्याला नटबोल्ट लोखंडी असू देत, पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं पण बाहेरून भरता येईल असं, आदल्या रात्री त्यात पाणी भरून गोठवताही येतं म्हणजे चढवताना सांडत नाही.

फ्रँकफर्टला उतरल्यावर चिप स्कॅन केली, पेपर बघितले, झालं, क्वारंटाइन नाही. बाहेर आल्यावर खंड्या सू करेना. सिमेंटवर नाही, दगडावर नाही. आयुष्यभर माती आणि पालापाचोळा माहीत असलेलं पोर ते, पार्किंगभर मला ओढत फिरला, शेवटी एका खांबापाशी वीतभर ओलं गवत मिळालं तिथे किती वेळ उभा होता. मी तिथेच खाली बसून रडले. तुम्ही उतरलात की आधी गवत शोधा, बॅगा मागून.

तिकडे गेल्यावर पालिकेत कुत्र्याचा कर भरायचा, थर्ड पार्टी विमा काढायचा, घर भाड्याने घेताना करारात कुत्र्याची परवानगी लिहून घ्यायची. ही शेवटची गोष्ट मिस्टरांना आत्ताच सांगा, घर ते शोधणार आहेत.

आता सासूबाईंचं. त्या स्वतः तिथे राहणार असतील, त्यांचा वाघ्यावर जीव असेल आणि वाघ्या चौदा वर्षांचा असता तर मी म्हटलं असतं राहू दे, म्हाताऱ्या कुत्र्याला त्याची ओटी आणि त्याचं माणूस पुरतं. पण तुम्ही लिहिलंय की त्या पावसाळा संपला की मोठ्या दिरांकडे पुण्याला जातात. मग बंद घर, शेजारी दोन वेळा भात टाकणार, रात्री बिबट्याची भीती. आपल्याकडे अशी किती कुत्री कुलूपबंद घराच्या पायरीवर बसलेली दिसतात. त्याला राखण म्हणू नये. सासूबाईंशी वाद नका घालू, त्यांना एवढंच विचारा की दिवाळीनंतर वाघ्याला संध्याकाळी हाक कोण मारणार.

आज-उद्यात चिपसाठी फोन करा. आणि वाघ्याला सरळ उभा करून टेपने चार मापं घेऊन इथे टाका: नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून उभ्या कानाच्या टोकापर्यंत. पहिल्या मापात दुसऱ्याचं अर्धं मिळवलं की पिंजऱ्याची लांबी, तिसऱ्याची दुप्पट ती रुंदी, चौथं ती उंची, त्यात अंथरुणाची जाडी धरायची. मापं आली की कुठला साइज घ्यायचा ते मी सांगते.