टेकडीची वेळ का बदललीत?

प्रश्न: मी 56 वर्षांची, पुण्यात कोथरूडला राहते. एक मैत्रीण आणि मी गेली कित्येक वर्षं रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जायचो. बालभारती ते पौड फाटा हा नवा रस्ता टेकडीवरून न्यायला माझा कडाडून विरोध. ती म्हणते, मग लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कोंडीत रोज अडकणाऱ्यांनी काय करायचं? त्यावरून आमचं दोन-तीनदा चांगलंच वाजलं. शेवटी तिला काही न सांगता मी फिरायची वेळच बदलली. आता टेकडी वाचवणाऱ्यांचा एक ग्रुप मिळालाय, सगळे माझ्याच मताचे. तिथे मी जरा जपूनच बोलते, पण डोक्याला ताप नाही. या वयात समविचारी माणसांतच रमावं, बरोबर ना? टिळक-आगरकरांचीही मैत्री मतांपायी तुटलीच की.

उत्तर: ‘तिथे मी जरा जपूनच बोलते.’ अहो, सगळे तुमच्याच मताचे आहेत ना? मग जपता कशाला?

मला वाटतं, संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्यावर रिक्षात अडकून तुम्हीही घामाघूम झाला आहात. मैत्रिणीच्या प्रश्नाला तुमच्याकडे पुरतं उत्तर नाही आणि तो प्रश्न नव्या ग्रुपमध्ये काढायची छाती होत नाही. काढलात तर तुमचं काय होईल, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही तिचं तेच केलंत.

मलाही तो रस्ता नकोय. टेकडी एकदा फोडली की परत मिळत नाही. पण मैत्रिणीशी जे वागलात, त्याची मला चीड आली. पहाटेच्या अंधारात टेकडीवरच्या खाणीपाशी ती किती दिवस थांबली असेल, याचा पत्रात एका शब्दानं उल्लेख नाही.

आणि टिळक-आगरकरांच्या आड लपू नका. 1882 मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावर बिनसलं, आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोघांनी छापील शब्दांत एकमेकांना सोलून काढलं. मैत्री तुटली, फार कडवटपणे तुटली. पण आपलं कुठे आणि का पटत नाही, हे सगळ्या पुण्याला कळेल इतक्या स्पष्टपणे ते एकमेकांना सांगत होते. तुमच्या मैत्रिणीला तुम्ही दिसेनाशा का झालात, एवढंही कुणी सांगितलेलं नाही.

ग्रुप सोडू नका. सह्या गोळा करायला, महापालिकेत हरकती नोंदवायला एका मताची माणसं लागतातच. पण मनात आलेलं न चाळता जिच्यापुढे बोलता येतं, अशी तुम्हाला ती एकच होती, आणि तिलाच तुम्ही टाकलंत.

उद्या पहाटे जुन्या वेळेला टेकडीवर जा. आज रात्री लांबलचक मेसेज लिहीत बसू नका. समोर आली की ‘मी तुला टाळत होते’ एवढं सरळ सांगा आणि ग्रुपमध्ये गिळून टाकता, ते सगळं तिच्यापुढे बोला. ती चिडेल. चिडू द्या, तिचा हक्क आहे. रस्त्यावरून पुन्हा वाजलं तर तिथेच, चढ चढता चढता वाजू द्या. आणि तिनं आठवडाभर तोंड फिरवलं, तरी आता वेळ बदलायची नाही.