वक्र बाहेर का फुगतो, अन् घरच्या रानाचा खर्च कुठं धरायचा?

प्रश्न : सर, मी अकरावीला आहे, उदगीरला. उत्पादन शक्यता वक्र बाहेरच्या बाजूनं फुगलेलाच का काढायचा? क्लासमधे सांगतात संधी खर्च वाढत जातो म्हणून, पण तो का वाढतो ते कुणी सांगेना. आणि वक्राच्या आतला बिंदू म्हणजे साधनं रिकामी पडलेली, एवढंच ना?

उत्तर : बाळा, हा वक्र म्हणजे आहे त्या साधनांत दोन गोष्टी मिळून जास्तीत जास्त किती काढता येतात ते दाखवणारी रेष, अन् संधी खर्च म्हणजे एक मिळवायला दुसरं जेवढं सोडावं लागतं ते. तो वाढतो कारण सगळं रान सारखं नसतं. सहा एकर धर, दोन एकर काळं भारी, दोन मध्यम, दोन मुरमाड. खरिपात सोयाबीन नाहीतर तूर. हिशोबापुरते आकडे घेऊ. भारी रानाच्या दोन एकरात सोयाबीन 20 क्विंटल होतं किंवा तूर 10, मध्यममधे सोयाबीन 14 किंवा तूर 10, मुरमाडात सोयाबीन 6 किंवा तूर 8.

सगळीकडं सोयाबीन पेरलं तर 40 क्विंटल, तूर शून्य. आता घरी म्हणाले तूर पाहिजे, तर पहिल्यांदा कुठलं रान सोडशील? मुरमाडच, तिथं सोयाबीन असंही पोसत नाही. 6 क्विंटल सोयाबीन गेलं, 8 क्विंटल तूर आली, म्हणजे एका क्विंटल तुरीला पाऊण क्विंटल सोयाबीन पडलं. अजून तूर पाहिजे म्हणून मध्यम रान दिलं की 10 तुरीमागं 14 सोयाबीन जातं, क्विंटलला 1.4. शेवटी भारी रान मोडलं की क्विंटलला 2. तूर तीच, तिच्यासाठी सोडावं लागणारं सोयाबीन मात्र वाढतच गेलं, कारण दरवेळी सोयाबीनला जास्त मानवणारं रान हातातून जातंय. हे चार बिंदू कागदावर मांडून जोड, फुगवटा आपोआप दिसेल. सहाही एकर एकाच प्रतीचे असते आणि कुठंही अदलाबदलीचा भाव तोच पडला असता तर सरळ रेष आली असती. (आपल्याकडं चार ओळी सोयाबीन अन् दोन ओळी तूर असं आंतरपीक घेतात ना, सोयाबीन तीनसाडेतीन महिन्यात निघून जातं आणि तूर नंतर मोकळ्या जागेत पसरते, त्यामुळं एका प्रतीच्या रानातही थोडा फुगवटा येतो. पुस्तकात हे सहसा नसतं पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं.)

आता तुझं दुसरं. "एवढंच ना" असं म्हणू नको, तिथंच खरी गंमत आहे. समज कुणी उलटं केलं, भारी रान तुरीला दिलं आणि मध्यम, मुरमाड सोयाबीनला. सोयाबीन झालं 20, तूर 10. एक गुंठाही पडीक नाही, सगळे राबतायत, तरी हा बिंदू वक्राच्या आत आहे, कारण तेवढंच 20 क्विंटल सोयाबीन भारी रानात घेऊन बाकी दोन्हीकडं तूर केली असती तर तूर 18 झाली असती. 8 क्विंटल तूर कुणी खाल्ली नाही, चोरीला गेली नाही, नुसती चुकीच्या जागी पेरणी झाली. साधन रिकामं असणं हे आत असण्याचं एक कारण, साधन चुकीच्या कामाला लावणं हे दुसरं, आणि मला विचारशील तर दुसरं जास्त वाईट कारण ते डोळ्याला दिसत नाही.

प्रश्न : आमचं रान घरचं, माणसं घरची. पाच एकरात सोयाबीन आणि मागून हरभरा, रोख खर्च जाऊन वर्षाला 1 लाख 10 हजार राहतात. पाहुणे म्हणतात शेती तोट्यात आहे, ठोक्यानं (ठरलेल्या रोख भाड्यानं) दे. एकरी 10 हजारानं मागणी आहे, बटईनं (पिकाच्या वाट्यावर) दिलं तर साधारण 40 हजार येतील. लातूरच्या दालमिलवर हंगामाचे पाच महिने 11 हजारानं कामही आहे. बोअरला मागं 2 लाख घातले ते कसे धरायचे? (औसा तालुका)

उत्तर : दादा, पाहुण्यांचा हिशोब अर्धा बरोबर आहे. तुम्ही मोंढ्यातून आणलेलं बियाणं, खत, फवारणी, काढणीचं गुत्तं एवढंच खर्चात धरलंय, म्हणजे जिथं खिशातून नोट गेली तेवढंच. पण रान स्वतः कसताय म्हणून ठोक्याचे 50 हजार सोडताय, तो पण खर्चच. बटईचे 40 त्यात मिळवू नका, एकच रान दोघांना देता येत नाही, सोडलेल्या पर्यायातला सगळ्यात चांगला तेवढा एकच धरायचा. कामाचे पाच महिन्यांचे 55 हजार, पण लातूरला खोलीभाडं अन् येणंजाणं महिन्याला दोन हजार तरी जाईल, म्हणजे 45 धरा. दोन्ही मिळून 95 हजार. तुमचे 1 लाख 10 हजार त्यापेक्षा 15 हजारानं जास्त आहेत, तेव्हा तोटा नाही, पण नफाही 1 लाख 10 हजार नाही, तो 15 हजार आहे. घरच्या जनावरांना जाणारं भुस्कट विकत घ्यावं लागलं असतं तर तेवढी रक्कम या नफ्यात अजून मिळवा. आणि ठोका आधी हातात पडतो, शेतीचं पावसावर आहे, एवढ्या जोखमीला 15 हजार पुरतात का ते घरात बसून बोला, ते मी इथून सांगू शकत नाही.

बोअरचे 2 लाख सोडा. रान कसा नाहीतर ठोक्यानं द्या, ते परत येत नाहीत. पाणी आहे म्हणून ठोका जास्त येत असेल तर तो त्या 10 हजारात आलाच.

हा वाद तुमच्या घरापुरता नाही. 2018 च्या बजेटपासून केंद्र सरकार हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणतंय, तो खर्च ए टू प्लस एफएल, म्हणजे रोख खर्च अधिक घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत. शेतकरी संघटना मागतात सी टू, ज्यात स्वतःच्या जमिनीचा खंड अन् भांडवलाचं व्याजही धरतात. तुमचे ते 50 हजार खर्चात धरायचे की नाही, भांडण बरंचसं ह्याच जागी आहे, आणि माझं मत विचाराल तर धरलेच पाहिजेत.

प्रश्न : पाऊस पडला नाही तर बिंदू आत येतो का वक्रच आत सरकतो? गाइडमधे एक आहे, सरांनी दुसरं सांगितलं. (हिंगोली)

उत्तर : वक्रच सरकतो. पाणी हे साधन आहे, तेच कमी झालं. एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी नियोजन कितीही चोख केलं असतं तरी आदल्या चांगल्या वर्षाएवढं पीक निघालं नसतं. हातात आहे तेच नीट लावून तूट भरून निघत असेल तरच बिंदू आत होता असं म्हण. अजून एक, तुरीवर मर रोग आला तर वक्राची दोन्ही टोकं सरकत नाहीत, फक्त तुरीचं (सगळीकडं तूरच घेतली तर येणारं) टोक आत येतं. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन 711 सारखं मरीला तग धरणारं वाण आलं की तेच टोक बाहेर जातं, सोयाबीनचं टोक जिथल्या तिथं. पेपरात काढताना दोन्ही टोकं हलवू नको, मार्क जातात.