वाटणीआधी वही

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजी गेली, आणि तिने काढलेली चित्रं आता घरात वाटायची आहेत. तुझ्या थोरल्या काकांना समुद्राचं मोठं चित्र हवंय, आत्याने बागेचं मनातल्या मनात कधीच आपलं करून टाकलंय, आणि 'तुला चित्रातलं कळतं, तू बघ' म्हणत उरलेला पसारा सगळ्यांनी तुझ्या गळ्यात घातलाय. आजीच्या खोलीतल्या पेट्या, स्केचबुकं, पत्रांचे गठ्ठे, जुने पासपोर्ट. तू त्याला पसारा म्हणतेयस, पण खरा ठेवा तोच आहे.

चित्रं वाटू नका, असं मी म्हणणार नाही. ती मुला-नातवंडांच्या भिंतींवर लागली तर आजीलाही आवडलं असतं. माझा आग्रह एवढाच, की नोंद झाल्याशिवाय एकही चित्र खिळ्यावरून खाली उतरता कामा नये. चित्र दुसऱ्या घरी गेलं तर मागून परत आणता येतं. ते कुठे काढलं, कुणासमोर बसून काढलं, ही माहिती एकदा विस्कटली की पुन्हा जुळत नाही.

एक जाड वही घे, किंवा संगणकावर तक्ता कर. प्रत्येक चित्राला क्रमांक, उंची आणि रुंदी, माध्यम, सही कुठे आहे, सध्या कुणाकडे आहे. साल माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेव. अंदाज असेल तर 'अंदाजे' लिही आणि तो कशावरून बांधलास तेही लिही. घरातल्या कुणीतरी ठोकून दिलेलं साल पुढच्या पिढीत पुरावा होऊन बसतं, हे मी वारंवार पाहिलंय.

फोटो समोरून घेशीलच, पण मागून घ्यायला विसरू नकोस. चित्राची पाठ फार बोलकी असते. एखाद्या प्रदर्शनाची अर्धी फाटलेली चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, खोडून बदललेलं शीर्षक, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं गावाचं नाव. फ्रेम बदलायला दिली की मागचा जुना पुठ्ठा बहुधा कचऱ्यात जातो आणि त्याच्याबरोबर हे सगळंही. म्हणून आधी पाठीचा फोटो, मग फ्रेमवाला. कागदावरच्या चित्राला क्रमांक द्यायचा तर मागच्या बाजूला कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, न दाबता. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. कॅनव्हासच्या पाठीवर काहीही लिहू नकोस, क्रमांक मागच्या लाकडी चौकटीवर टाक.

आता स्केचबुकं. त्यातली 'छान छान' पानं फाडून फ्रेम करायची टूम कुणीतरी काढेलच. तिथे मात्र ठाम नाही म्हण. फिरस्त्या चित्रकाराचं स्केचबुक म्हणजे त्याचा प्रवास जसा घडला तसा: आधी बंदर, मग पावसाने वाया गेलेला दिवस, मग एकाच दाराचे चार प्रयत्न. पान सुटं झालं की तो क्रम मोडला. पानांत तिकीट, पावती, वाळलेलं पान सापडलं तर आधी ते जागच्या जागी ठेवून फोटो घे, मगच वेगळ्या पाकिटात घाल आणि पाकिटावर पानाचा क्रमांक टाक.

तारखांसाठी पासपोर्टवरच्या शिक्क्यांइतका भरवशाचा साक्षीदार नाही. ते शिक्के, पोस्टकार्डांवरच्या टपालाच्या तारखा आणि स्केचबुकं शेजारी शेजारी मांडलीस तर तिच्या भ्रमंतीचा नकाशा आपोआप उभा राहील. यात एक गोम आहे. मोठी तैलचित्रं बऱ्याचदा घरी परतल्यावर, कधीकधी कित्येक वर्षांनी, स्केचवरून केलेली असतात. म्हणून प्रवासाचं साल आणि चित्राचं साल असे दोन वेगळे रकाने ठेव.

मॅरियन नॉर्थ या ब्रिटिश चित्रकर्तीने जगभर फिरून झाडाफुलांची चित्रं काढली आणि लंडनच्या क्यू उद्यानात स्वतःच्या खर्चाने दालन उभारलं. ते १८८२ मध्ये खुलं झालं. तिथली आठशेहून अधिक चित्रं तिने स्वतः प्रदेशवार, एकाला एक खेटून लावली आणि ती आजही तशीच आहेत. नॉर्थ १८९० मध्ये वारली. तिच्या आठवणी संपादित करून छापल्या त्या बहिणीने. तुझ्या आजीने अशी मांडणी करून ठेवलेली नाही, पण तिच्या पेट्यांमध्ये काय कशाबरोबर ठेवलंय, यातही तिचा काही हिशेब असेल. पेट्या उपसण्याआधी उघड्या पेटीचा फोटो घे. विषयवार, रंगवार लावायची घाई नको.

त्याच १८९० मध्ये डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग वारला आणि सहा महिन्यांनी त्याचा भाऊ थिओ. चित्रं आणि पत्रं आली थिओच्या पत्नीकडे, योहानाकडे. वय २८, पदरात तान्हं मूल. १९०५ मध्ये तिने ॲम्स्टरडॅममध्ये मोठं प्रदर्शन भरवलं, १९१४ मध्ये व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रं प्रसिद्ध केली, १९२४ मध्ये सूर्यफुलांचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला विकलं. तिच्या चिकाटीचं कौतुक सगळे करतात. मला तिची हिशेबाची वही जास्त मोलाची वाटते. कुठलं चित्र कुणाला, केवढ्याला गेलं, हे तीत नोंदलेलं आहे आणि अभ्यासकांना आजही ती उपयोगी पडते. चित्रं विकूनही तिने त्यांचा माग सुटू दिला नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी लवकर बोल, सर्वांत थोरल्यापासून सुरुवात कर. 'आजीबद्दल काहीतरी सांगा' म्हटलंस तर 'फार प्रेमळ होती' यापलीकडे हाती काही लागणार नाही. चित्र समोर ठेव, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू कर आणि विचार: हे कुठल्या खोलीत लागलं होतं? ही खुर्चीतली बाई कोण? हे काढायला ती किती दिवस बाहेर होती, तेव्हा मुलांकडे कोण बघत होतं? शेवटच्या प्रश्नावर कदाचित कुणाचा तरी आवाज चढेल. चढू दे. ज्या घराचा ती आधार होती, त्याच घरातून ती महिनोन् महिने निघून जायची. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत. तिची देवी करून टाकलीत तर तिच्या चित्रांतली बेचैनी कुणालाच उमगणार नाही.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. जलरंगांचा वैरी उजेड. संग्रहालयं त्यांना साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेडाचं माप) ठेवतात, तैलरंगांना २०० पर्यंत चालतं. उडालेला रंग परत येत नाही, म्हणून खिडकीसमोरची भिंत नको. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम, ६५ च्या वर बुरशीचं फावतं. लॅमिनेशन, सेलोटेप, वर्तमानपत्राचा कागद या तिन्हींना बंदी. पेटीत आम्लमुक्त (ॲसिड-फ्री) कागद घाल. बबल रॅप थेट रंगावर टेकवला तर त्याचे गोल ठसे उठतात. आणि तैलचित्र ओल्या फडक्याने किंवा कापलेल्या बटाट्याने पुसायचे घरगुती उपाय कुणी सुचवले तर हसून विषय बदल. स्केचबुकं ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कर, मूळ फाइल टिफ या, चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेव. तीन प्रती कर, त्यातली एक दुसऱ्या घरात.

एका गोष्टीवरून घरात पुढे कटकट होऊ शकते. चित्र ज्याच्याकडे गेलं, त्याच्याकडे त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. तो वारसांकडे राहतो. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, भारतात ६०, युरोपीय संघात ७०. उद्या कुणी दिनदर्शिकेसाठी चित्र मागितलं तर होकार कोण देणार, हे आत्ताच लेखी ठरवा. शक्यतो एकाच माणसाचं नाव.

संग्रहालयाकडे जायचं मनात असेल तर निवडक दोन चित्रं घेऊन जाऊ नकोस. चित्र, त्याचं स्केच आणि त्या काळातलं पत्र असा संच दाखव. नकार आला तर तो आजीच्या कलेला आहे असं समजू नकोस. त्यांच्याकडे जागा नसते, हे बऱ्याचदा खरंच असतं. अशा वेळी एखादं अभिलेखागार, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणारी संस्था, स्केचबुकं आणि पत्रं आनंदाने घेईल.

वही पूर्ण व्हायची वाट न बघता पहिले काही क्रमांक झाले की त्याची प्रत सगळ्यांना पाठव. आत्या रुसली आहे म्हणतेस, तर पहिली तिलाच. बागेच्या चित्रासमोरचा सालाचा रकाना रिकामा ठेव आणि तो तिला भरायला सांग.

तुझा,
काका